या कागदांत आई कुठे आहे?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक प्रकरण लिहिलं आणि ते सपशेल फसलं. विषय होता बालवीर चळवळीच्या, म्हणजे स्काउटिंगच्या, सुरुवातीच्या वर्षांतला संवाद: पथकाचे नेते, मुलं आणि मुलांची कुटुंबं एकमेकांशी कसे बोलत होते. चाळीस पानं झाली होती, तळटिपा भरपूर होत्या. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "यात आई कुठे आहे?"

खरंच, नव्हतीच. चाळीस पानांत एकही आई बोलत नव्हती, वडीलही नाहीत. "पालकांचा विश्वास", "पालकांचं सहकार्य" हे शब्द मात्र जागोजागी होते आणि ते सगळे नेत्यांनी लिहिलेले होते. ही चूक संशोधनाच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रत्येकाकडून होऊ शकते, म्हणून ती तुमच्यासमोर उलगडून ठेवतो आहे.

छापलेला संवाद

आधी घटनाक्रम बघू. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं त्यांच्या ओळखीच्या, सुस्थितीतल्या घरांतली होती, तर बाकीची बोर्नमथ आणि पूल इथल्या बॉइज ब्रिगेडच्या शाखांमधली. शिबिराचं शुल्कही ऐपतीप्रमाणे होतं: मोठ्या खासगी शाळांतल्या मुलांना एक पौंड, इतरांना साडेतीन शिलिंग.

आता असं बघा. पहिल्या गटातल्या मुलांच्या घरी निरोप गेला तो ओळखीतून. दुसऱ्या गटातली मुलं आली ती ब्रिगेडच्या स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत. शिबिर एक, बेट एक, तंबूही शेजारी शेजारी, पण घरापर्यंत पोचण्याच्या वाटा दोन. पहिल्या वाटेवर पत्र असण्याची शक्यता जास्त, दुसऱ्या वाटेवर तोंडी बोलण्याची. शंभर वर्षांनी आपल्या हाती काय लागणार, हे तिथेच निम्मं ठरलेलं असतं.

पुढे १९०८ च्या जानेवारीपासून 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक सहा पाक्षिक भागांत निघालं. प्रत्येक भागाची किंमत चार पेनी. मुलांनी ते वाचून स्वतःच संघ बनवले आणि मग नेता व्हायला कोणी मोठं माणूस मिळतं का, ते शोधलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुलांसाठी 'द स्काउट' हे एका पेनीचं साप्ताहिक सुरू झालं. जुलै १९०९ मध्ये नेत्यांसाठी 'हेडक्वार्टर्स गॅझेट' हे मासिक आलं.

म्हणजे नेत्यांसाठी एक नियतकालिक, मुलांसाठी एक नियतकालिक. आणि पालकांसाठी? त्या तोडीचं काही नाही. पालकांशी बोलणं दारात, चर्चच्या आवारात, शाळेच्या फाटकाशी किंवा मुलाच्या हाती दिलेल्या चिठ्ठीतून होत असणार. ते बोलणं कमी महत्त्वाचं होतं असं नाही. ते छापलं गेलं नाही, इतकंच. मी गॅझेटचे अंक वाचले आणि "संवाद कसा होता" ते लिहून टाकलं. वास्तविक मी लिहिलं होतं ते "नेते आपसांत संवादाबद्दल काय म्हणत होते" हे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नुसती आद्याक्षरं

४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मोठा मेळावा भरला. हजारो मुलगे आले, आणि त्यांच्यात काही मुलीही आल्या, स्काउट म्हणवून घेत. काही मुलींनी नाव नोंदवताना नुसती आद्याक्षरं दिली होती, म्हणजे मुलगी आहे हे कळूच नये.

नोंदवहीत हे कसं दिसेल? दोन अक्षरं आणि एक आडनाव. तुम्ही ती मोजाल आणि मुलग्यांच्या रकान्यात टाकाल. त्या दोन अक्षरांमागे घरात काय बोलणं झालं असेल, परवानगी होती की लपवाछपवी, हे नोंदवही सांगत नाही. पण नंतर काय झालं ते पाहा. नोव्हेंबर १९०९ च्या गॅझेटमध्ये मुलींसाठी वेगळी योजना आली, पुढच्या वर्षी बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस यांच्या हाती तिची सूत्रं गेली, आणि मुलींना 'स्काउट' न म्हणता 'गाइड' म्हणायचं ठरलं. (हे नाव वायव्य सरहद्दीवरच्या 'कोअर ऑफ गाइड्स' या लष्करी तुकडीवरून घेतलं होतं.) मुलींनी मुलग्यांसारखं रानावनात हिंडावं हे त्या काळच्या अनेक घरांना पसंत नव्हतं. पालकांनी काय म्हटलं ते आपल्याकडे थोडंच आहे, पण संस्थेला काय बदलावं लागलं ते स्पष्ट दिसतं. जिथे आवाज सापडत नाही, तिथे त्या आवाजाने काय हललं ते शोधा.

घराचं दार उघडतं ते संकटात

४ ऑगस्ट १९१२. लंडनच्या वॉलवर्थ या कष्टकरी वस्तीतलं एक पथक होडीतून टेम्स नदीमार्गे शेपी बेटावरच्या लेझडाउनला शिबिरासाठी निघालं होतं. किनारा जवळ आला असताना अचानक वादळी वारा सुटला आणि होडी उलटली. नऊ मुलं बुडाली, त्यांतली आठ त्या पथकातली. चर्चिल तेव्हा नौदलाचे मंत्री होते. त्यांनी मुलांचे मृतदेह लंडनला आणण्यासाठी एक युद्धनौका दिली. दफनविधी नन्हेड स्मशानभूमीत झाला आणि लोटलेल्या गर्दीने रस्ते भरून गेले.

अशा मृत्यूनंतर इंग्लंडमध्ये चौकशी बसते. नातेवाइकांना मृतदेह ओळखायला बोलावतात, त्यांची साक्ष घेतात, वर्तमानपत्रं ती छापतात. एरवी कागदावर न येणारी वॉलवर्थची घरं अशा वेळी अचानक कागदावर येतात: बापाचा धंदा, घराचा पत्ता, मुलाचं वय.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अशी साधनं अनमोल आहेत. दोन, ती एकाच प्रसंगाची आहेत. कुटुंबाचा आवाज बिनसल्यावरच दप्तरात येतो, म्हणून केवळ त्यावरून लिहिलं तर नेता आणि घर यांचं नातं कायम तक्रारीचं किंवा शोकाचं दिसेल. शेकडो शिबिरांतून मुलं धडधाकट परत आली, आयांनी चिखलाचे कपडे धुतले, विषय संपला. त्याचा कागद नाही.

आपल्याकडे

भारतात १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण सुरुवातीला दार उघडं होतं ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना. भारतीय घरांशी संवाद नीट झाला की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं. मग १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. पाठोपाठ अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीतर्फे पथकं उभी केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत मिळाली. सेवा समिती वेगळीच राहिली. १९३७ च्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी केलेलं विधान लोकांना झोंबलं आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काउट असोसिएशन निघाली. अखेर ७ नोव्हेंबर १९५० ला सगळे एकत्र येऊन 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' झाले आणि १९५१ मध्ये गाइड्सही त्यात आल्या.

ही सनावळी तुम्हाला कुठेही मिळेल. पण तिच्यातलं प्रत्येक नाव पुढाऱ्याचं आहे. आपला पोरगा खाकी चड्डी घालून परेडला जाऊ लागला तेव्हा घरात कोण काय म्हणालं, हा प्रश्न या सनावळीत मावत नाही.

मग करायचं काय?

ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. साधनं बरीचशी तीच होती, प्रश्न बदलले. प्रत्येक कागदापुढे मी तीन ओळी लिहायला लागलो: हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलाय त्यांच्या हाती तो कधी पडला असता का? तिसऱ्या ओळीने माझ्या निम्म्या तळटिपांचा अर्थ बदलला.

मराठी मुलुखात काम करणार असाल तर शाळांची वार्षिकं, शिबिराची परिपत्रकं, वर्गणीच्या पावत्या, पालकांची संमतीपत्रं, घरातल्या पेटीतले फोटो शोधा. फोटो मिळाला तर मागची बाजू आधी बघा. नाव, गाव, तारीख बहुधा तिथे असते आणि अक्षर बहुतेक वेळा घरच्याच कोणाचं तरी असतं. आजोबा स्काउटमध्ये होते असं घरात कोणी म्हणालं, तर "त्यांच्या आईने सोडलं कसं?" हा प्रश्न न विसरता विचारा.

नव्या मसुद्यात आई फार ठिकाणी नाहीये. पण ती जिथे नाही, तिथे ती का नाही हे आता लिहिलेलं आहे. मॅडमनी त्या पानांवर पेन्सिलने नुसती बरोबरची खूण केली.