गप्प राहणारी चूक

1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. गावातली जमिनीची नोंदही दप्तराइतकीच आता संगणकावर विसंबून आहे. म्हणून डेटाबेसचा बॅकअप घेणाऱ्या साधनांचा इतिहास सर्वांच्याच कामाचा आहे. मायएसक्यूएल डेटाबेससाठीचं ‘मायएसक्यूएलडंप’ हे त्यातलं सर्वपरिचित साधन. त्याचा इतिहास सांगतो की बोंब मारणारा पर्याय कमी घातक आणि गप्प राहणारा जास्त. त्याच्या 8.0 च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी ‘कॉलम-स्टॅटिस्टिक्स’ हा पर्याय आपोआप चालू ठेवला. जुन्या 5.7 सर्व्हरवर त्याला लागणारं कोष्टकच नव्हतं, म्हणून आज्ञा लगेच अडली आणि तो पर्याय बंद करताच सुटली. उलट ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय सुसंगत प्रत देतो ती फक्त इनोडीबी या साठवण-पद्धतीतल्या तक्त्यांची. मायआयसॅम या दुसऱ्या पद्धतीतले तक्ते मध्येच बदलले तरी तो चकार शब्द काढत नाही. ‘रूटीन्स’ हा पर्याय लिहिला नाही, तर साठवलेल्या प्रक्रिया निमूटपणे वगळल्या जातात.

कुणी म्हणेल, निर्मात्यांनी ठरवलेल्या मूळ मांडणीवर विश्वास ठेवावा. तो अगदीच अनाठायी नाही: 4.1 पासून ‘ऑप्ट’ हा पर्याय आपोआप लागू झाला आणि मोठ्या तक्त्यांचा बॅकअप सोपा झाला. पण मूळ मांडणी आवृत्तीगणिक बदलते, हे ‘कॉलम-स्टॅटिस्टिक्स’नंच दाखवलं. त्रुटीचा संदेश आला नाही, हा बॅकअप नीट झाल्याचा पुरावा नव्हे. वेगळ्या सर्व्हरवर तो उतरवून नोंदी ताडून पाहाव्यात. तोवर त्याला बॅकअप म्हणू नये.