परागज्वर : ग्वाल्हेरची हवा आणि घरगुती उपायांची कसोटी

वास्कोहून निघालेली गोवा एक्सप्रेस पुणे, भोपाळ, झाशी अशी मजल मारीत ग्वाल्हेरला पोहोचते, तेव्हा किनाऱ्यावरच्या दमट हवेत वाढलेला प्रवासी उत्तरेच्या कोरड्या हवेत येऊन उतरलेला असतो. लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत शिकायला, ग्वाल्हेर घराण्याची गायकी ऐकायला किंवा नोकरीनिमित्त या शहरात राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये एक अनुभव येऊ शकतो. सकाळी उठताच ओळीने दहा-बारा शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांची आग, टाळूला आणि कानात आतून खाज. हवा बाधली, सर्दी झाली, असे समजून काढा सुरू होतो. पंधरा दिवस लोटतात, सर्दी जात नाही. ताप मात्र कधीच आलेला नसतो.

ही लक्षणे बहुधा परागज्वराची असतात. त्यावर ‘नैसर्गिक’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या उपायांची यादी लांबलचक आहे. त्यांतील काही खरोखर उपयोगी, काही निरुपद्रवी आणि काही धोक्याचे आहेत. कोणता उपाय कोणत्या वर्गात मोडतो, हे ठरवायचे तर विकार कसा घडतो, हे आधी पाहावे लागते.

नावात ज्वर, प्रत्यक्षात नाही

लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. ते स्वतःच्याच दुखण्याचे होते. ताज्या कापलेल्या गवताच्या वासाने हा त्रास होतो, अशी समजूत पुढे इंग्लंडात रूढ झाली आणि त्यातून ‘हे फीवर’, म्हणजे गवतज्वर, हे नाव पडले. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८७३ मध्ये दाखवून दिले, की दोष गवताच्या वासाचा नसून परागकणांचा आहे.

परागकण हे विष नव्हे. काही जणांचे शरीर मात्र त्याला शत्रू मानते आणि त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या वेळी तेच कण नाकाच्या ओल्या अस्तरावर बसले, की तेथील पेशींतून हिस्टामिन हे द्रव्य बाहेर पडते. शिंका, खाज, सूज आणि स्राव ही सारी त्याचीच करणी. सर्दीपासून हा विकार वेगळा ओळखण्याच्या खुणा चार : खाज ठळक असते, स्राव पातळ व स्वच्छ असतो, ताप नसतो आणि त्रास दरवर्षी ठरावीक दिवसांत उद्भवून अनेक आठवडे टिकतो.

ग्वाल्हेरचे परागऋतू

डोळ्यांत भरणाऱ्या फुलांवर संशय घेण्याचे सहसा कारण नसते. होळीच्या सुमारास फुलणाऱ्या पळसाचे पराग जड व चिकट असतात. ते पक्ष्यांच्या आणि किड्यांच्या अंगाला चिकटून प्रवास करतात. त्रास देतात ती बहुधा नजरेत न भरणाऱ्या फुलांची झाडे, कारण त्यांचे हलके पराग वाऱ्यावर स्वार होतात.

हिवाळा सरता सरता, पानगळ झालेल्या फांद्यांवर वावळ फुलतो. हिंदीत त्याला चिलबिल किंवा पापडी म्हणतात. त्याचे पराग हे उत्तर भारतातील ॲलर्जीचे ठळक कारण मानले जाते. त्यानंतर विलायती बाभळीचा क्रम लागतो. मूळची अमेरिका खंडातील ही काटेरी बाभूळ चंबळच्या घळींची धूप थांबावी म्हणून १९८०च्या दशकात विमानातून बी टाकून पसरविण्यात आली आणि आज या भागातील पडीक जमीन तिने व्यापली आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवते फुलतात. याच काळात रस्त्याकडेला गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून येते. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण पुढे देशभर पसरले. त्याच्या परागांनी नाक वाहते आणि झाडाला हात लागल्यास त्वचेवर पुरळही उठते.

यात धुळीची आणि धुराची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या यादीत अतिसूक्ष्म धूलिकणांच्या प्रमाणात ग्वाल्हेर जगात दुसऱ्या स्थानी होते. धुराने आधीच दुखावलेले अस्तर परागांना अधिक तीव्र प्रतिसाद देते. म्हणून गावाकडे सौम्य असलेला त्रास शहरात उग्र होऊ शकतो.

सर्वांत भरवशाचा उपाय : मिठाचे पाणी

परागकण नाकात शिरल्यावर त्रास होत असेल, तर त्यांना धुऊन काढणे हा सरळ मार्ग ठरतो. हठयोगप्रदीपिकेत सांगितलेली नेती दोऱ्याची आहे. आज घरोघरी केली जाते ती जलनेती. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास परागज्वराची लक्षणे कमी होऊ शकतात, असे २०१८ मध्ये झालेल्या संशोधनांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले. पुरावा फार भक्कम नाही. तथापि उपाय स्वस्त आहे आणि नीट केल्यास त्याचे दुष्परिणाम किरकोळ आहेत.

‘नीट केल्यास’ ही अट मात्र जिवावरची आहे. नळाचे, विहिरीचे किंवा टाकीचे कच्चे पाणी नाकात घालू नये. अशा पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास होणारा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला. केरळमध्येही अलीकडच्या वर्षांत या आजाराचे रुग्ण आढळले आहेत. म्हणून पाणी खळखळून उकळू द्यावे, त्यानंतर किमान एक मिनिट उकळत ठेवावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे.

सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे एक पेला पाण्याला साधारण २ ग्रॅम मीठ पुरते. हे प्रमाण चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडे कमी भरते. औषधांच्या दुकानात मिळणारी तयार पुडी वापरल्यास अंदाज चुकत नाही. बेसिनवर वाकून डोके एका बाजूस कलते करावे, तोंडाने श्वास घेत राहावे आणि वरच्या नाकपुडीत हळूहळू पाणी सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे. शेवटी दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरावे. जोराने शिंकरल्यास पाणी कानाकडे जाते. पात्र प्रत्येक वेळी धुऊन कोरडे ठेवावे. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण चोंदलेले असेल, तर नेती करू नये.

तूप, वाफ आणि काढे

नाकपुडीच्या कडेला आतून तुपाचे किंवा तेलाचे बोट फिरविण्याची चाल जुनी आहे. हा थर काही परागकण तेथेच अडवितो, असे मानण्यास जागा आहे. चरकसंहितेत अणुतैलाच्या नस्याचेही वर्णन आहे. परंतु नाकात खोलवर तेलाचे थेंब सोडणे वैद्याच्या देखरेखीविना करू नये. रोज सोडलेले तेल नकळत फुप्फुसात उतरल्यास तेथे दाह होतो. लहान मुले आणि वृद्ध यांना हा धोका अधिक असतो.

वाफेने चोंदलेले नाक घटकाभर मोकळे होते. मूळ कारणावर तिचा परिणाम होत नाही. उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजण्याचे अपघात होतात, म्हणून मुलांना वाफ न दिलेली बरी. तुळस, आले, अडुळसा यांच्या गरम काढ्याने घशाला आराम पडतो. मात्र ज्येष्ठमध नित्य घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घातक ठरू शकतात. कॅमोमाइलचा चहा गाजर गवताच्याच कुळातील वनस्पतीचा असतो. त्या गवताची ॲलर्जी असलेल्यांनी तो टाळावा.

मध का उपयोगी पडत नाही

स्थानिक मध खाल्ल्याने शरीराला तेथील परागांची सवय होते, असे सांगितले जाते. मुरैना, भिंड, ग्वाल्हेर हा मोहरीचा पट्टा असल्याने तेथे मोहरीचा मध भरपूर मिळतो. अडचण अशी, की मधात प्रामुख्याने मधमाश्यांनी धुंडाळलेल्या फुलांचे पराग येतात, तर नाकाला छळणारे बरेचसे पराग वाऱ्यावरचे असतात. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत मध घेणाऱ्यांना मधासारखे दिसणारे सरबत घेणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. घशासाठी मध जरूर घ्यावा, पण एक वर्षाखालील बाळाला तो मुळीच देऊ नये. परागाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या तर ॲलर्जी असलेल्यांनी टाळाव्याच. त्यांनी तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते.

ग्वाल्हेरात तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला, की गळा सुरेल होतो, अशी गायकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा मान तिच्या जागी राखावा. सुजलेल्या नाकावर त्या पाल्याचा उपाय सांगणारा आधार मात्र नाही.

घराची आणि दिनक्रमाची व्यवस्था

परागांशी गाठच कमी पडावी, यासाठी काही सवयी उपयोगी पडतात. त्रासाच्या दिवसांत वारा सुटलेला असताना खिडक्या बंद ठेवाव्यात. बाहेर जाताना चष्मा आणि मुखपट्टी वापरावी. परतल्यावर कपडे बदलावेत, डोळे थंड पाण्याने धुवावेत आणि झोपण्यापूर्वी केस धुवावेत, म्हणजे पराग उशीवर येत नाहीत. उशांचे अभ्रे आणि चादरी उघड्यावर वाळत घालू नयेत. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात घरोघरी चालणारा वाळ्याचा कूलर बाहेरची हवा आत ओढतो. त्याच्या ओल्या पट्ट्या काही कण अडवितात, पण अस्वच्छ राहिल्यास त्यांवर बुरशी वाढते. त्या वेळोवेळी धुवाव्यात आणि बदलाव्यात.

औषधाला कमीपणा मानू नये

या उपायांनी झोप, अभ्यास किंवा काम सावरत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. झोप न आणणाऱ्या हिस्टामिनरोधक गोळ्या आणि नाकात मारायचा सौम्य स्टेरॉइडचा फवारा हे मान्यताप्राप्त उपचार आहेत. फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. म्हणून दरवर्षीचा काळ ठाऊक असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तो ऋतूच्या थोडा आधी सुरू करावा. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरू नयेत, अन्यथा नाक अधिकच चोंदते. परागज्वरात प्रतिजैविकांचा उपयोग नाही.

छातीत घरघर, रात्रीचा खोकला किंवा दम लागणे ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. परागज्वर आणि दमा अनेकदा एकत्र नांदतात. दम्याचा पंप बंद करून काढ्यावर विसंबणे प्राणावर बेतू शकते.

गोव्यात परतल्यावर काहींचा त्रास ओसरतो, काहींचा रूप बदलतो. येथील दमट घरांत बुरशी व धुळीतील सूक्ष्म कीटक बारमाही असतात आणि पावसाळ्याच्या अखेरीस आपल्याकडेही गवते फुलतात. त्यामुळे स्थळ कोणतेही असो, एका साध्या वहीत तारीख, ठिकाण, हवा आणि लक्षणे लिहून ठेवावीत. वर्षभराच्या अशा नोंदी तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवल्यास त्रास नेमका कशाचा, हे शोधण्यास मोठी मदत होते.