कामठी तालुका: गाव सुधारलं की धुऱ्यावरची झाडं वाचतात का?

वावरातलं सागवान कधी विकायचं, हे आपल्याकडे झाडाच्या गोलाईपेक्षा घरच्या अडचणीवरून जास्त ठरायचं. लग्न, आजारपण, नापिकी. आली वेळ की दोन झाडं व्यापाऱ्याला दाखवायची. अडलेला माणूस भाव काय मागणार? कोवळं झाडही जायचं.

घरात पगार आला, पेंचच्या कालव्यावर धान पिकू लागलं, की ही घाई सरते. लाकडाची गरजही आटली आहे. स्लॅबच्या घराला सागाचे फाटे लागत नाहीत, ट्रॅक्टर आल्यावर वखरासाठी बाभूळ कोण शोधतो? 2016 च्या उज्ज्वला योजनेनं गॅस गावात आणला. चूल पुरती विझली नाही, ते वेगळं.

म्हणजे पैसा आला की झाड वाचतं? नागपूरपासून दूरच्या गावात बहुतेक हो. कामठी मात्र शहराला चिकटलेली. शेती अकृषक होऊन ले-आउट पडला की जमिनीच्या भावापुढे लाकूड म्हणजे चिल्लर. अडलेला शेतकरी दोन झाडं तोडायचा. इथं अख्खा धुरा एका दिवसात साफ होतो. आमच्या मते खरी तोड ही आहे.

झाड मालकीचं असलं तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. गावात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा लागतो. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन ही झाडं त्याच्या यादीत आहेत. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. कडुनिंब, बाभूळ यादीत नाहीत. तरी लाकूड गाडीत भरण्याआधी वाहतूक परवान्याचं वनविभागाला विचारून घ्या. कामठी नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा नागरी वृक्ष कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड त्यात वारसा वृक्ष धरलं जातं.

आणखी एक. रस्त्यासाठी जमीन गेली तर 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार झाडांचं मूल्य वेगळं काढतात. झाडांची नोंदच नसेल तर भांडायला कागद राहत नाही. ई-पीक पाहणी अ‍ॅपमध्ये बांधावरची झाडं भरायची सोय आहे. पीक भरताना तीही भरा, अन् सातबारावर चढली का ते तलाठ्याकडे पाहा.