क्षितिजस्थ बिंबभ्रम

उदयास्ताच्या वेळी क्षितिजालगतचे सूर्यचंद्रांचे बिंब माथ्यावर आलेल्या त्याच बिंबाहून पुष्कळ मोठे दिसते, तो दृष्टिभ्रम. बिंबाचा कोनीय व्यास उभय स्थितींत सुमारे अर्ध्या अंशाचाच असतो. एक डोळा मिटून, हात ताठ लांब करून चिमटीत धरलेला तुरीचा दाणा पौर्णिमेचा उगवता चंद्र जसा झाकतो, तसाच मध्यरात्रीचाही झाकतो. इतकेच नव्हे, तर उगवता चंद्र द्रष्ट्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका अधिक दूर असल्यामुळे हिशेबाने त्याचे बिंब दीड-पावणेदोन टक्क्यांनी लहानच भरते, आणि वातावरणातील वक्रीभवनाने त्याची उंची पाचसहा कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दबते. रुंदी मात्र वाढत नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने याचे कारण हवेतील बाष्पात शोधले. ते मत आजही लोकांच्या तोंडी आहे, पण वरील मापांपुढे ते टिकत नाही. सूर्यसिद्धान्त या प्राचीन भारतीय ज्योतिषग्रंथाने या भ्रमाची घेतलेली दखल विशेष लक्षणीय होय. त्यातील चंद्रग्रहणाधिकारात, ग्रहणाच्या आकृतीसाठी कलांची अंगुले करताना, बिंब क्षितिजावर असता 3 कलांचे व याम्योत्तरावर (माथ्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर वृत्तावर) असता 4 कलांचे एक अंगुल धरावे, आणि मधल्या स्थितीत उन्नत कालाच्या (उदयापासून गेलेल्या किंवा अस्तापर्यंत उरलेल्या वेळेच्या) प्रमाणात हे माप बदलावे, अशी तजवीज आहे. म्हणजे 32 कलांचे जे बिंब याम्योत्तरावर 8 अंगुलांचे, तेच क्षितिजावर सुमारे पावणेअकरा अंगुलांचे निघते. गणितात समान असलेले बिंब आकृतीत मात्र डोळ्यांना दिसते तसे काढावे, हा विवेक मोलाचा आहे. शिवाय 4:3 हे त्याचे प्रमाण आधुनिक प्रयोगांतील मापांच्या मर्यादेत बसते.

अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने या प्रश्नाचा निकाल प्रकाशाकडून मनाकडे नेला: मधली शेते, झाडे, घरे यांमुळे क्षितिज दूरचे वाटते, आणि दूरची वस्तू समान कोन व्यापीत असेल तर मन तिला मोठी ठरविते. 1962 मध्ये कॉफमन आणि रॉक यांनी कृत्रिम चंद्र योजून केलेल्या प्रयोगांत मधला भूप्रदेश झाकताच भ्रम जवळजवळ नाहीसा झाला. कागदाच्या नळीतून पाहणाऱ्यालाही बिंब आक्रसलेले दिसते, ते याच कारणाने. तथापि या उपपत्तीला एक गंभीर आक्षेप आहे: बहुतेक द्रष्टे क्षितिजावरचा चंद्र दूर नव्हे, तर जवळ आला असे सांगतात. म्हणून काही अभ्यासक अंतराऐवजी शेजारच्या लहान दिसणाऱ्या वस्तूंशी होणाऱ्या तुलनेवर भर देतात, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.