बाळंतिणीला काय न्यावे?

आळीत कोणाकडे बाळ जन्मल्याची वार्ता आली की घरोघर एकच प्रश्न निघतो : जाताना न्यायचे काय? बाळंतिणीच्या उंबऱ्यावर रिकाम्या हातांनी जाऊ नये, एवढे सर्वांना ठाऊक असते. आमच्या बेळगाव-निपाणीकडे हल्ली हा प्रश्न बहुधा बाजारात सुटतो. कोणी गोकाकच्या करदंटाचा पुडा घेते, कोणी खानावळीतून भाकरी-भाजी बांधून नेते. त्यावर वडीलधाऱ्या बायका कुरकुरतात की, विकतचे नेऊ लागल्यापासून माया आटली. मला ही तक्रार पुरती पटत नाही. कोणीही उठावे, घरी चार पदार्थ शिजवावेत आणि कोणाच्याही बाळंतिणीला नेऊन द्यावेत, असा काळ आपल्या भागात पूर्वी फारसा नव्हताच. तो का नव्हता, हे आज सांगायचे आहे.

बाळंतिणीने काय खावे हा विचार मात्र फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूत झालेल्या स्त्रीची दिनचर्या दिली आहे. भूक लागल्यावर तिला पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचे चूर्ण घालून तूप किंवा तेल प्यायला द्यावे, पोटाला वस्त्र बांधावे, मग पातळ यवागू द्यावी. असे पाच किंवा सात रात्री सांभाळून पुढे हळूहळू शरीर भरून आणावे, असा तो क्रम आहे. सुंठ-पिंपळी, तूप, पेज आणि पोटाचा पट्टा ही सारी सामग्री आजही आमच्या बाळंतघरात जशीच्या तशी दिसते. चरक ज्यांच्या कानांवरूनही गेला नाही अशा सुइणींनी ती सांभाळली, हे विशेष. अळीव, बाळंतशेप, ओवा, मेथ्या, खसखस, खारीक, सुके खोबरे आणि डिंक ही त्या सामग्रीतील पुढची भर.

सीमाभागाची मौज अशी की, या प्रत्येक जिनसाला दोन नावे आहेत. मराठी घरातला डिंकाचा लाडू कानडी घरात अंटिन उंडे होतो. अंटु म्हणजे डिंक. शेपूची भाजी अंगावरच्या दुधाला चांगली, असे दोन्ही घरच्या म्हाताऱ्या सांगतात, फक्त एक तिला सब्बसिगे म्हणते. खपली गव्हाची खीर दोहोंकडे बाळंतिणीपुढे येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तो वाद अजून न्यायालयात आहे आणि त्याविषयी माझेही मत आहे, पण ते आजच्या विषयात येत नाही. लाडवाच्या बाबतीत सीमा भाषेची नव्हती. ती दुसरीच होती, आणि अधिक कडक होती.

घरात मूल जन्मले की सोयर येई, त्याला वृद्धीही म्हणत. दहा दिवस त्या घरचे पाणी बाहेरच्याने घेऊ नये, त्या घरच्यांनी देवाला शिवू नये. त्या घरात अन्न जाण्यालाही नियम होता, तो जातीचा. शिजवलेला भात, आमटी, पेज ही आपल्या जातीच्या किंवा वरच्या मानलेल्या घरातूनच यायची. इतरांनी द्यायचा तो कोरडा शिधा : खोबऱ्याच्या वाट्या, पायलीभर तांदूळ, गुळाची ढेप, पावशेर खारीक. पाणी आणि विस्तव लागला की पदार्थ जातीचा झाला. कोरडा होता तोवर तो कोणाचाच नव्हता. १८८४ साली निघालेल्या बेळगाव जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातीजातींच्या जन्मविधींची वर्णने स्वतंत्र परिच्छेदांत दिलेली आहेत. ती वाचताना मनात येते की, एकाच गल्लीतल्या बायका एकाच सटवाईला भीत होत्या आणि तरी एकमेकींच्या हातची पेज त्यांना चालत नव्हती.

आमचे घर कॅथलिक. माझी आजी मेथीची पेज उत्तम करी. गूळ, नारळाचा रस आणि मेथ्या घालून केलेली ती पेज आमच्या लोकांत बाळंतिणीला देतात. पण शेजारच्या हिंदू घरी सून बाळंत झाली तेव्हा पेजेचे पातेले आमच्याच घरी राहिले आणि आजीने सुपात खारका-खोबरे घालून, वर फडके झाकून नेले. शेजारणीने ते आनंदाने घेतले, त्याचे लाडू वळले आणि त्यातले चार आमच्याकडे पाठवले. आम्ही ते खाल्ले. आजीला यात अपमान वाटला नसावा, कारण रीतच ती होती. मला मात्र ही गोष्ट प्रथम ऐकली तेव्हा त्या पातेल्यातल्या पेजेचे वाईट वाटले होते.

या नियमाला आपल्याच मातीतून विरोध झाला होता, हेही सांगितले पाहिजे. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्याबरोबरच्या शरणांनी सूतकच नाकारले. जननाचे, मरणाचे, रजाचे, उष्ट्याचे आणि जातीचे ही पाचही सूतके इष्टलिंग धारण करणाऱ्याला नाहीत, असे लिंगायत परंपरा मानते. यांतले पहिले आणि शेवटचे हीच तर बाळंतिणीच्या दारावरची दोन कुलपे. आम्हा ख्रिस्ती लोकांनाही फुशारकी मारण्याचे कारण नाही. इसवी सन ६०१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी कँटरबरीच्या ऑगस्टीनला लिहिले होते की, प्रसूत स्त्री त्याच घटकेला आभार मानायला चर्चमध्ये आली तरी तिला पाप लागत नाही. तरी चाळीस दिवसांनी आशीर्वाद घेऊन मगच चर्चमध्ये यायचे, ही चाल शतकानुशतके टिकली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मागे पडली. लिहिलेला विचार आणि पाळलेली रीत यांत एवढे अंतर सगळीकडेच पडते.

ज्या बाळंतिणीला कोणीच काही आणणार नव्हते तिचे काय? या प्रश्नाला पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली उत्तर दिले. त्यांनी काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात विधवा स्त्रिया गुप्तपणे बाळंत होऊ शकत होत्या. अशा बाईसाठी माहेरचा डबा नव्हता, बाळंतविडा नव्हता, बारसे नव्हते. तिची शुश्रूषा सावित्रीबाई करीत. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. ब्राह्मण बाळंतिणीने माळ्याच्या घरचे अन्न खाल्ले, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

आता करदंटाकडे येतो. करदंट म्हणजे तळलेला डिंक, हा शब्दाचाच अर्थ. तुपात फुलवलेला डिंक, गुळाचा पाक, खोबरे, खारीक, बदाम, काजू, खसखस यांची थापून कापलेली वडी. बेळगाव जिल्ह्यातले गोकाक आणि तिकडे हुनगुंदजवळचे अमीनगड ही त्याची दोन प्रसिद्ध गावे. नीट पाहिले तर बाळंतिणीच्या लाडवाचाच हा चौकोनी अवतार आहे. पण एक फरक मोठा आहे. यात भात नाही, पीठ नाही, तुपागुळाचा पदार्थ म्हणून तो फराळात मोडतो, आणि तो कोणाच्या चुलीवरून न येता दुकानातून येतो. त्यामुळे कोरड्या शिध्याला जी मोकळीक होती ती या तयार पदार्थाला मिळाली. ब्राह्मणाने, मुसलमानाने, ख्रिस्त्याने, कोणीही तो पुडा घ्यावा आणि कोणाच्याही दारात न्यावा. बाळंतिणीने तो तसाच तोंडात टाकावा. विकतच्या पदार्थाने माया कमी केली म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आजीच्या सुपाने अर्धी वाट चालून नेलेली गोष्ट दुकानाच्या पुड्याने उंबऱ्याच्या आत नेली.

निपाणीकडची कथा मात्र वेगळी आहे. तिथे तंबाखूच्या वखारीत राबणारी आणि घरी बसून विड्या वळणारी बाई बाळंत झाली तर तिची अडचण सोयराची नव्हती, रोजाची होती. काम थांबले की पैसे थांबत. मुंबईच्या विधिमंडळात २८ जुलै १९२८ रोजी प्रसूती-साहाय्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू मांडली. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला आणि बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. पण कायदा कारखान्यांपुरता. घरातली सूप मांडीवर घेऊन विडी वळणारी त्याच्याबाहेर राहिली. १९६१ साली देशाचा प्रसूती लाभ कायदा आला आणि १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने तो विडीच्या आस्थापनांना लागू केला. कागदावरचा हक्क हाती पडायला किती खेटे घालावे लागतात, ते कामगार बायकांना विचारावे.

अशा घरी शेजारीण काय नेई? लाडू नव्हे. ती भाकरी आणि आमटी नेई, तीही साऱ्या घराला पुरेल एवढी. बाळंतिणीची थोरली दोन पोरे उपाशी असतात, नवरा चुलीशी खटपट करीत असतो, आणि ती निजल्या निजल्या उठायची तयारी करीत असते. ताटात चार भाकऱ्या आल्या की ती तेवढा वेळ पडून राहते. बाळंतिणीला न्यायच्या पदार्थांत आपण नवऱ्याला आणि मुलांना कधीच धरले नाही, ही आपल्या रीतीतली मोठी उणीव. कामकरी बायकांनी ती न बोलता भरून काढली.

डिंक-अळिवाची थोरवी गातानाही भान ठेवावे. अळिवात लोह भरपूर असते हे खरे. पण प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव लाडवाने थांबत नाही. याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने, १६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा अभ्यास झाला आणि २००६ साली तो लॅन्सेट या नियतकालिकात आला. गोळी मिळालेल्या स्त्रियांत अतिरक्तस्राव ६.४ टक्के, न मिळालेल्यांत १२ टक्के. परिचारिकेच्या हाती मावणारी ती गोळी आधी, लाडू मागून.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका तरुण सहशिक्षिकेला मुलगी झाली. सासर लिंगायत, माहेर मराठा. मी आणि माझी पत्नी पाहायला निघालो तेव्हा आमच्यातही तोच जुना वाद झाला. शेवटी वाटेतल्या लिंगायत खानावळीतून ज्वारीच्या दहा भाकऱ्या, शेपूची भाजी आणि तिखट न घातलेले वरण बांधून घेतले, आणि घरून आजीच्या रीतीची मेथीची पेज नेली. भाकऱ्या घरच्यांनी वाटून घेतल्या. पेजेचे भांडे सासूबाईंनी उघडले, वास घेतला, "ह्यात नारळाचा रस किती घातला, बाई?" असे माझ्या पत्नीला विचारले आणि सुनेला वाटीत वाढून दिली.