कल्याणचा बिशप आणि एक निनावी डीकन

१/ कल्याण हे नाव आज आपल्याला लोकलच्या फलकावर भेटते. सहाव्या शतकातील एका ग्रीक ग्रंथातही ते आहे, आणि तेही ख्रिस्ती बिशपच्या संदर्भात! त्याच ग्रंथात एक डीकन येतो. त्याचे नाव मात्र नाही. हा धागा त्या निनावी सेवकाविषयी.

२/ ग्रीक ‘डायाकोनोस’ म्हणजे सेवक. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार झाली. ती मिटवण्यासाठी सात जण निवडले गेले, असे नवा करार सांगतो. परंपरा त्यांना पहिले डीकन मानते. पुढे बिशप, धर्मगुरू आणि डीकन अशी तीन पदांची उतरंड रूढ झाली.

३/ आता ग्रंथाकडे. ‘ख्रिस्ती भूवर्णन’, काळ इ.स. ५५० च्या सुमाराचा. लेखक अलेक्झांड्रियाचा व्यापारी. कॉस्मस इंडिकोप्लुस्टीस, म्हणजे ‘हिंदी समुद्राचा प्रवासी’, हे त्याचे नाव नंतरच्या हस्तलिखितांतून रूढ झाले.

४/ तो लिहितो: मिऱ्यांच्या मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे, ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. श्रीलंकेत स्थायिक झालेल्या पर्शियन ख्रिस्ती लोकांसाठी पर्शियातून नेमलेला धर्मगुरू आहे, आणि एक डीकन.

५/ कल्लियाना म्हणजे आपले कल्याणच कशावरून? काही अभ्यासक ते दक्षिणेकडे शोधतात. पण ग्रंथातील बंदरांचा क्रम पाहा: सिंधू, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर आणि मग मलबारची पाच बंदरे. सिबोर म्हणजे चौल, असे सामान्यतः मानतात. त्यामुळे बहुतेकांचा कौल कल्याणला आहे. तांबे, लाकूड आणि कापड निर्यात करणारी मोठी पेठ, अशी तिची ओळख तो देतो.

६/ पण नेमणूक पर्शियातून का? त्या काळी हिंदी महासागरात सासानी पर्शियाचा व्यापार जोरात होता. पौर्वात्य ख्रिस्ती मंडळीचे केंद्र टायग्रिसकाठी सेल्युशिया-टेसिफोन येथे होते. व्यापारी जेथे वसले, तेथे त्यांचे धर्मसेवकही पोहोचले.

७/ याच सुमारास कान्हेरीत बौद्ध भिक्षू राहत होते. घारापुरीची शैव लेणीही बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकातलीच मानतात. म्हणजे एकाच किनारपट्टीवर इतक्या निरनिराळ्या प्रार्थना चालत होत्या.

८/ येथे नोंद आणि अनुमान वेगळे ठेवायला हवे. श्रीलंकेचा डीकन ही नोंद आहे. कल्याणचा डीकन हे अनुमान आहे. परंतु निराधार नव्हे. डीकनला दीक्षा देण्याचा अधिकार बिशपचा, आणि उपासनेत साहाय्य करणे हे डीकनचे काम. बिशप आहे, तेथे डीकन असण्याची शक्यता मोठी.

९/ हाच लेखक पृथ्वी सपाट आहे, असे हिरिरीने मांडतो. मग त्याच्यावर विश्वास ठेवावा का? आकाशाविषयी तो चुकला. बंदरे आणि माल हा त्याच्या धंद्याचा विषय होता. साधनाचे प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पारखावे लागते.

१०/ केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेत डीकनला आजही ‘शेम्माशन’ म्हणतात. मूळ सीरियाक शब्दाचा अर्थही सेवकच. सातांपैकी स्तेफनचे नाव जगभर गेले. समुद्र ओलांडून आलेल्या या सेवकाचे पदच तेवढे उरले. पण त्या एका शब्दामुळेच कळते की तेथे नुसती माणसे नव्हती, नांदती मंडळी होती.