चुन्याला घाई चालत नाही

"पाव्हणं, हात मागं घ्या!"

आवाजात एवढी जरब असते की तुम्ही दोन पावलं मागे सरकता. समोर जमिनीत खणलेला हौद आहे आणि त्यात पांढरं पाणी रटरटतंय. खाली जाळ नाही, तरी वाफ थेट डोळ्यांत जाते. दोन माणसं भट्टीतून आणलेले भाजलेले गोटे पाटीनं हौदात लोटतात आणि प्रत्येक पाटीमागे पाणी नव्यानं उसळतं. "कळीचा चुना हाय," मुकादम म्हणतो. "तहान भागेपर्यंत असाच फुत्कारणार. बोट घातलंत तर कातडं हौदातच राहायचं."

ठिकाण विजापूर. साल 1650च्या आसपास. तख्तावर 1627पासून मुहम्मद आदिलशहा आहे. हौदापलीकडे जो काळ्या दगडाचा डोंगर वर चढतोय, ती त्याचीच कबर. धनी जिवंत आहे आणि कबरीवर शेकडो हात राबताहेत. पुढे लोक तिला गोल घुमट म्हणतील.

तुम्ही इथं कसे आलात ते मुकादमाला सांगू नका. पुण्यातल्या तुमच्या वर्गाचं वेळापत्रक त्याला कळायचं नाही. सोमवारी 'शाश्वत बांधकाम साहित्य', गुरुवारी 'इस्लामी वास्तुकलेचा इतिहास'. वह्या वेगळ्या, सर वेगळे, परीक्षा वेगळ्या. एका वहीत कार्बनचे हिशेब, दुसरीत कमानींची चित्रं. या हौदाच्या काठावर मात्र सोमवार आणि गुरुवार एकच आहेत.

भट्टीपाशी चला. भोवतालच्या काळ्या रानातून वेचलेली चुनखडी इंधनाच्या थरांमध्ये रचून जाळतात. मुकादम एक कच्चा गोटा तुमच्या उजव्या तळहातावर ठेवतो आणि फडक्यात धरलेला, भाजून निवलेला दुसरा डाव्या. आकार सारखाच, पण डावा हात आपोआप वर येतो. "जाताना जड, येताना हलका," तो म्हणतो. तुमच्या सोमवारच्या वहीत याचं गणित आहे: शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली की कळीचा चुना उरतो 56 किलो, बाकीचे 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. मुकादमाला तो वायू माहीत नाही. काहीतरी निघून गेलं एवढं त्याच्या हाताला कळतं.

हौदात विझलेला चुना पुढे घाणीवर येतो. ही घाणी तुम्ही पाहिलेली आहे. सह्याद्रीतल्या किती गडांवर तो गोल दगडी चर आणि शेजारी पडलेलं दगडी चाक दिसतं, आपण चाकाला टेकून फोटो काढतो आणि पुढच्या बुरुजाकडे निघतो. इथं ते चाक फिरतंय. बैल झापडं लावून गोल गोल चालतो आणि चाकाखाली चुना, वाळू नि सुरखी रगडली जाते. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. एक बाई मडक्यातलं तपकिरी पाणी चरात ओतते. ते हिरडा भिजवून काढलेलं आहे, त्यात गूळ विरघळवलाय. अशा पाण्यानं चुन्याला लोच येतो, थापीवरून तो घसरत नाही. पुरेसा मळला की नाही हे बाई चिमटीत धरून पाहते. दोन बोटांमध्ये लोण्यासारखा सरकला तर पुढे, खरखरला तर बैलाला आणखी फेरे.

सुरखीकडे नीट पाहा, सगळी मेख तिच्यात आहे. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो. पण भिंत 10 फूट जाडीची असली तर तिच्या पोटात हवा पोचणार कशी? सुरखी ही अडचण सोडवते. भाजलेली माती चुन्याशी आणि पाण्याशी सलगी करते, आणि हवा नसतानाही मसाला आतून धरू लागतो. हे रसायनाच्या भाषेत लिहिलं गेलं फार पुढे. गवंड्याच्या थापीला ते आधीपासून ठाऊक होतं.

शेजारी झाडाखाली एक कारकून हजेरी मांडून बसलाय. त्याच्या खांद्यावरून वाकून पाहा. मोडी! पहिल्या इब्राहिम आदिलशहानं सोळाव्या शतकातच महसुली दप्तरात फारसीऐवजी इथल्या भाषा आणल्या. विजापूरच्या कागदांत मराठी रुळलेली आहे. शहाजीराजेही याच दरबारचे सरदार आहेत. आणि तुम्ही कान दिलात तर या आवारातले निम्मे शब्द घरचेच वाटतात. कमान, बुरूज, गिलावा, इमारत, मजूर हे फारसीच्या वाटेनं येऊन मराठी झालेले. ओळंबा आणि पाथरवट संस्कृतातून झिजत आलेले. पुण्यातल्या कोणत्याही साइटवर आजही हे सगळे शब्द एकाच वाक्यात येतात आणि कोणाला त्यांची सोयरीक आठवत नाही.

आता आत या. मान वर करू नका, आधी जमीन पाहा. 135 फूट बाजूचा चौक, मधे एकही खांब नाही. 18,000 चौरस फुटांहून जास्त जागा एकाच छताखाली येणार आहे. चौकोनावर गोल कसा बसवायचा, हा घुमट बांधणाऱ्या प्रत्येकाला छळणारा प्रश्न. कोपरे उघडे राहतात, त्यांच्यावर काहीतरी तोलावं लागतं.

मुकादम वाळूत काडीनं एक चौकोन काढतो. मग तसाच दुसरा, पहिल्यावर तिरपा फिरवून. आठ टोकांची चांदणी होते. "ही रेघ न्हाई, कमान हाय," तो एकेका बाजूवरून बोट फिरवत म्हणतो. आता वर पाहा: वाळूतली चांदणी हवेत उभी आहे. आठ भव्य कमानी एकमेकींना छेदत जातात आणि त्यांच्या मधे अष्टकोन उरतो, खालच्या चौकापेक्षा पुष्कळ लहान. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी इस्लामी जगाला नव्या नाहीत. स्पेनमध्ये कोर्दोबाच्या मशिदीत त्या दहाव्या शतकातच दिसतात. याच विजापुरात जामा मशिदीच्या घुमटाखाली ही रचना लहान मापात आधी करून झाली होती. इथं तिला पूर्ण अंगानं वाढवलंय.

यात एक छुपी हुशारी आहे. घुमटाचा आतला व्यास 124 फूट आणि बुडाशी जाडी 10 फूट. एवढं ओझं कमानींच्या अगदी काठावर ठेवलेलं नाही, मागे सरकवून बसवलंय. त्यामुळे आतल्या बाजूला 11 फूट रुंदीचा सज्जा उरतो. घुमट स्वतःच्या वजनानं बाहेर फाकू पाहतो, तर कमानींमधला आत झुकलेला चिरेबंदी भार त्याला आत खेचतो. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकानं हा तोल उलगडून सांगितला आणि युरोपातल्या वाचकांना चकित केलं. बाहेरून आधाराचे टेकू लावलेले नाहीत, कारण टेकू आतच टांगलेला आहे.

वर जाऊ. चारही कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत, जिना त्यांच्यातूनच चढतो. पायऱ्या उंच आहेत. प्रत्येक मजल्याच्या कमानीतून शहर थोडं थोडं खाली जातं. सातव्या मजल्यावरून बाहेर पडलात की भणाण वारा, आणि समोर बुडाशी दगडी कमळाच्या पाकळ्या लेवून उमलणारा अर्धवट घुमट.

परांची कुठंय? तुम्ही शोधता. तुमच्या डोळ्यासमोर स्लॅबखालच्या टेकूंचं जंगल असतं. एवढ्या घुमटाला खालून लाकडी साचा द्यायचा तर 110 फूट उंचीवर लाकडाचं दुसरं गाव उभारावं लागलं असतं, आणि विजापूरच्या माळावर तेवढं लाकूड आहेच कुठं! विजापूरच्या वास्तूंचा मोठा अभ्यास करणारे हेन्री कझिन्स यांचा तर्क असा, की अगदी माथ्याकडचा भाग सोडला तर साच्याची गरजच पडली नसावी. विटा आडव्या थरांत, मधे चुन्याचा जाड थर. प्रत्येक थर म्हणजे एक पूर्ण कडं. कडं मिटलं की ते स्वतःच स्वतःला धरून ठेवतं, आणि पुढचं कडं त्याच्यावर जरासं आत सरकून बसतं. घुमट म्हणजे बांगड्यांची चळत. वर जाताना प्रत्येक बांगडी थोडी लहान.

तुम्ही मुकादमाला विचारता, "एक कडं झालं की लगेच दुसरं?"

तो तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही गाईचं दूध काढायच्या आधीच दही मागितलंय. "खालचं धरू दे की. ओल्यावर ओझं ठेवलं तर दोन्ही जातील. चुन्याला घाई चालत न्हाई."

हे वाक्य नीट जपून ठेवा. दगड, वीट, चुना, सुरखी ही यादी तुमच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. त्या यादीत वेळ नसतो. इथं मात्र वाट पाहणं हेही मोजूनमापून वापरलेलं साहित्य आहे. साच्याचं लाकूड वाचलं ते वेळ खर्च करून.

पण भारावून जाऊ नका, मुकादमाच्या पायांकडे पाहा. चुन्यानं टाचा फाटून लाल झाल्यात. पाण्याच्या पखाली पाठीवर वाहून माणसं वाकलीत. भट्ट्यांनी आजूबाजूचं किती सरपण गिळलं याचा हिशेब कारकुनाच्या वहीत असेल, तुमच्या वहीत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर एक बादशहा आणि त्याच्या घरची मोजकी माणसं खाली निजणार म्हणून. 'टिकाऊ' आणि 'शाश्वत' हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, ते इथं वेगळे होतात. ही इमारत टिकाऊ आहे यात वाद नाही. थोडक्यात भागवणारी ती मुळीच नाही.

आता काळ थोडा पळवू. 1656 साली मुहम्मद आदिलशहा जातो आणि काम जिथं असेल तिथं थांबतं. बाहेरचा पुष्कळसा गिलावा आणि नक्षी राहूनच जाते. 1686 साली औरंगजेब विजापूर घेतो, तख्तच उरत नाही. घुमट उभाच. उन्हाळे, पावसाळे, वटवाघळं, पारवे. 1930च्या दशकात घुमटाला भेगा दिसतात आणि दुरुस्तीसाठी बाहेरून लोखंडी जाळीवर सिमेंटचा फवारा मारला जातो. चुन्याच्या अंगावर सिमेंटचा अंगरखा चढतो. त्या काळच्या अभियंत्याला सगळ्यात भरवशाचं वाटलं ते त्यानं वापरलं. जुन्या वास्तू जपणारे आज शक्यतो असं करायचं टाळतात, कारण चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट मात्र तिला कोंडून धरतं.

आणि मग आज. सज्ज्यात शाळेची सहल आलीय. कोणीतरी टाळी वाजवतो, ती सात-आठ वेळा फिरून परत येते आणि मग तीसेक पोरं एकदम ओरडतात. तुम्ही भिंतीला कान लावता. पलीकडे, शंभर फुटांहून लांब, एक आजी नातवाच्या कानात काहीतरी पुटपुटते आणि ते तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं: "पाणी संपवू नकोस रे सगळं." उतरताना तुम्ही भिंतीवर तळहात टेकता. मुकादमानं मागे घ्यायला लावलेला हाच तो हात. आता काही भाजत नाही. पृष्ठभागावरच्या चुन्यानं भट्टीत गमावलेला वायू हवेतून परत घेतलाय, तो पुन्हा चुनखडीच झालाय. सरपणाचा धूर मात्र कधीच परत आला नाही, हेही विसरू नका.

पुण्यात परत आल्यावर सोमवारच्या तासाला नवी माहिती मिळते. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे 7 ते 8 टक्के वाटा सिमेंटचा. त्याचं क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होणारे भाजीव गोटे, भाजायला सुमारे 1,450 अंश सेल्सिअस लागतात, चुन्याला 900च्या आसपास पुरतात. मग सर फळ्यावर 'एलसी3' लिहितात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथले आणि भारतातल्या आयआयटींचे संशोधक यावर वर्षानुवर्षं काम करताहेत: निम्मं क्लिंकर काढून त्याजागी भाजलेली माती आणि दळलेली चुनखडी घालायची, म्हणजे उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत कमी होतं. भाजलेली माती! तुम्ही गुरुवारची वही उघडून समासात 'सुरखी' असं लिहिता.

कार्यशाळेत तुम्ही स्वतः केलेला चुन्याचा ठोकळा 28 दिवसांचा झालाय. नियमाप्रमाणे आज तो फोडायचा. हातोडीनं दोन तुकडे होतात आणि ताज्या कापावर तुम्ही फिनॉल्फथॅलिन शिंपडता. कडेनं नखाएवढी पट्टी पांढरी राहते. तिथं हवा पोचली, चुन्याचा दगड झाला. आतला सगळा भाग मात्र भडक गुलाबी. अजून चुनाच आहे, अजून वाट पाहतोय.

"नापास?" शेजारचा मित्र विचारतो.

तुम्ही उरलेला अर्धा तुकडा उचलता, खडूनं त्यावर आजची तारीख घालता आणि मांडणीवर अगदी मागे ठेवून देता. पुढच्या वर्षीच्या तुकडीला सांगून ठेवायचं, यातलं आणखी थोडं फोडून बघा म्हणून.